उसाच्या बिलातला कोपरा

बीएस्सीचं पहिलं वर्ष संपलं की आमच्याकडे मेजर विषय ठरवावा लागतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पहिल्या वर्षी तीन विषय शिकायचे, दुसऱ्या वर्षाला जाताना त्यांतला एक मेजर आणि एक मायनर धरायचा, आणि तिसऱ्याचा निरोप घ्यायचा. माझे विषय गणित, संख्याशास्त्र आणि भौतिकशास्त्र. गणित आवडतं हे मला ठाऊक होतं. गणित घेऊन पुढं काय, हे मात्र कुणी नीट सांगत नव्हतं. नेमक्या त्याच वेळी, २०२५ च्या उन्हाळ्यात, पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या चुलतभावानं मोबाईलवर एक माहितीपत्रक पाठवलं. एका खासगी विद्यापीठाची चार वर्षांची पदवी होती : फायनान्शियल इंजिनिअरिंग. खाली दादानं लिहिलं होतं, ‘नुसतं गणित करून काय करणार? तेच गणित इथं वापर. पगार बघ.’

आमचं गाव करवीर तालुक्यात. घरी दोन एकर ऊस आणि दोन म्हशी. माझ्या आधी घरातलं कुणी सायन्सला गेलेलं नाही. इंजिनिअरिंग म्हटलं की सिव्हिल, मेकॅनिकल, फार तर कंप्युटर एवढंच आमच्या डोळ्यांसमोर येतं. पैशाचं इंजिनिअरिंग कसलं असतं, हे मलाच कळत नव्हतं, तर घरच्यांना काय सांगणार? वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, फीचा आकडा वाचला आणि मोबाईल काही न बोलता माझ्याकडे परत दिला. एका वर्षाची फी आमच्या उसाच्या दोन हंगामांच्या बिलाएवढी होती. आजोबांना, म्हणजे आबांना, मी सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले, “शेअरबाजाराचं शिकणार व्हय? मग मटक्यात आन् ह्यात फरक काय, तेवडं सांग आदी.”

त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आणि ते मिळाल्याशिवाय आण्णांकडे एवढे पैसे मागायचे नाहीत, हे मी मनाशी ठरवलं.

त्या विद्यापीठानं कोल्हापुरात एका हॉटेलात मार्गदर्शन ठेवलं होतं. तिथं गेले. पडद्यावर मुंबई, सिंगापूर, लंडनच्या उंच इमारती दाखवल्या, ‘रिस्क’, ‘डेरिव्हेटिव्ह’, ‘क्वांट’ असे शब्द भराभर आले. शेवटी मार्गदर्शक म्हणाले, “गणिताची भीती वाटून घेऊ नका. हल्ली सगळं सॉफ्टवेअर करतं.” आजूबाजूच्या पालकांना हायसं वाटलेलं दिसलं. मला मात्र ते वाक्य टोचलं. मला गणिताची भीती नव्हतीच. गणित सॉफ्टवेअर करणार असेल, तर मी तिथं जाऊन नेमकं काय शिकायचं?

बरं, इकडं गणिताच्या बाजूला तरी सगळं स्वच्छ होतं का? तेही नाही. कॉलेजातल्या एका ताईनं शिवाजी विद्यापीठातून गणितात एमएस्सी केलं आहे. तिच्या वर्गातले बरेचजण नेट-सेटची तयारी करतात, काही बँकेच्या आणि एमपीएससीच्या परीक्षा देतात, काही पुण्यात डेटाच्या नोकरीला लागले. “उपयोजित गणित म्हणजे काय गं?” असं विचारलं तर ती म्हणाली, “डिफरन्शियल इक्वेशन्स, न्यूमेरिकल मेथड्स, ऑप्टिमायझेशन.” ही पेपरांची नावं झाली. ती शिकून माणूस करतो काय, ते त्या यादीत कुठं लिहिलेलं नव्हतं.

शेवटी मी आमच्या गणिताच्या मॅडमना गाठलं. त्यांनी दोन्हींकडच्या अभ्यासक्रमांची सत्रवार यादी काढून आणायला सांगितली. आणखी एक गोष्ट आणायला सांगितली तेव्हा मी चमकलेच. म्हणाल्या, “घरातलं उसाचं बिल आण.”

आण्णांनी ट्रंकेतून बिलं काढून दिली. ज्याच्या घरी ऊस आहे त्याला एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, हा शब्द नवा नाही. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेपासून गावातल्या पारापर्यंत दर हंगामात त्याच्यावरच बोलणं चालतं. पण एफआरपी हे एक सूत्र आहे, याकडे मी कधी त्या नजरेनं पाहिलं नव्हतं. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्रानं ठरवलेला दर असा होता : साखर उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, १०.२५ टक्के असेल तर क्विंटलला ३४० रुपये. त्याच्या वर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ३२ पैसे जास्त, खाली आला तर प्रत्येक ०.१ टक्क्याला तेवढेच कमी. मात्र उतारा ९.५ च्या खाली गेला, तर कितीही घसरो, दर ३१५ रुपये १० पैशांच्या खाली उतरत नाही.

मॅडमनी आलेख काढायला लावला. आडव्या अक्षावर उतारा, उभ्या अक्षावर टनाचा दर. १२.२५ उताऱ्याला ४०६४ रुपये, १०.२५ ला ३४००, ९.५ ला ३१५१. इथपर्यंत तिरकी सरळ रेघ. तिथं रेघेला कोपरा पडतो आणि डावीकडं ती आडवी होते. उतारा ९ टक्के आला तर तिरक्या रेघेनं २९८५ रुपये झाले असते. शेतकऱ्याला मिळतात ३१५१. मधले १६६ रुपये कारखान्यानं सोसायचे. (यातून तोडणी-वाहतूक वजा होते, हे आण्णांनी मला दोनदा बजावलं, म्हणून इथंही लिहिते.)

“आता सांग,” मॅडम म्हणाल्या, “हंगाम सुरू व्हायच्या आधी, उतारा किती येणार हे कुणालाच माहीत नसताना, या कोपऱ्याची किंमत किती?”

मला प्रश्न कळायलाच वेळ लागला. बिलात जे लिहिलंय त्याची किंमत मला काढता येत होती. जे अजून घडलंच नाही, कदाचित घडणारही नाही, त्याची किंमत कशी काढायची? आमच्या कोल्हापूर विभागाचा उतारा राज्यात वरचा असतो, ९.५ च्या बराच वर. म्हणजे हा कोपरा आमच्या बिलापर्यंत पोचतच नाही. पण दुष्काळी भागातल्या, कमी उताऱ्याच्या शेतकऱ्याला तो खरोखर आधार आहे. एकाच कायद्यातल्या एकाच ओळीची किंमत दोन जिल्ह्यांत वेगळी. मॅडम म्हणाल्या, फायनान्शियल इंजिनिअर नावाचा माणूस दिवसभर असल्या कोपऱ्यांच्याच किमती काढत असतो. त्याच्या भाषेत या आकाराला ‘पुट ऑप्शन’ म्हणतात : दर पडला तरी ठरलेल्या रकमेखाली जाणार नाही, अशी हमी.

संख्याशास्त्राच्या वर्गात जेवढं शिकले होते तेवढं मी लावलं. मागच्या हंगामांचे उतारे घ्यायचे, कोणता उतारा किती वेळा आला ते बघायचं, त्यावरून शक्यता धरायच्या, प्रत्येक शक्यतेला मिळणारी रक्कम त्या शक्यतेनं गुणायची आणि बेरीज करायची. अपेक्षित मूल्य. मॅडमनी मान डोलावली. “ही विमा कंपनीची रीत. यातच पुढं गेलीस तर अ‍ॅक्च्युअरी होशील, बारावीनंतरच त्यांची एसीईटी नावाची प्रवेश परीक्षा देता येते. पण बाजाराची रीत वेगळी आहे. ती समजली तर तुझा निम्मा गोंधळ जाईल.”

गोंधळ गेला नाही, आधी दुप्पट झाला.

त्याचं कारण सांगायचं तर सांगलीला जावं लागेल. माझे मामा तिथं हळदीच्या एका अडत्याकडे कामाला आहेत. सांगलीत हळदीचा वायदा जुना. ‘स्पायसेस अँड ऑइलसीड्स एक्स्चेंज’ नावाचा वायदेबाजार तिथं होता, आणि शेजारच्या हरिपुरात जमिनीखालच्या पेवांमध्ये हळद साठवायची पद्धत होती. २००५ च्या महापुरात त्यांतल्या कितीतरी पेवांत पाणी शिरलं. मामांनी मला वायदा एका दमात समजावला. आज माल द्यायचा नाही, पैसे द्यायचे नाहीत. चार महिन्यांनी कोणत्या दरानं देणार-घेणार, एवढंच आज ठरवायचं. शेतकऱ्याला दर पडायची धास्ती, कारखानदाराला दर चढायची. दोघं एकमेकांची धास्ती घेतात. साठवणुकीचा खर्च, अडकलेल्या पैशाचं व्याज, माल खराब व्हायचा धोका हे सगळं त्या पुढच्या दरात मिसळलेलं असतं. मामांचं शिक्षण दहावीपर्यंत, पण हे त्यांनी पुस्तकापेक्षा सोपं सांगितलं.

मॅडमनी याच हळदीवर गणित घातलं. समजा, आज क्विंटलचा दर १५,००० आहे. चार महिन्यांनी दोनच शक्यता : १८,००० किंवा १३,५००. व्याज आणि साठवणूक सोडून द्या. एक व्यापारी तुमच्याकडून असा हक्क विकत मागतो की चार महिन्यांनी त्याला वाटलं तर १५,००० ला एक क्विंटल घेईन, नाही वाटलं तर घेणार नाही. या हक्काचे तुम्ही आज किती पैसे घ्याल?

दर चढला तर त्या हक्काचे ३००० होतात, पडला तर शून्य. दोन्ही शक्यता निम्म्या-निम्म्या धरल्या तर माझं उत्तर १५०० रुपये. मॅडम म्हणाल्या, “१००० च्या वर एक रुपया जास्त मिळाला तरी मी काहीही धोका न घेता तो खिशात घालीन.” आणि त्यांनी मांडून दाखवलं. हक्क विकून १००० घ्यायचे, ९००० उसने काढायचे, त्या १०,००० ची दोन तृतीयांश क्विंटल हळद आजच घ्यायची. दर १८,००० झाला तर त्या हळदीचे १२,००० येतात, उसने ९००० फेडायचे, उरतात ३००० आणि तेच व्यापाऱ्याला द्यायचे आहेत. दर १३,५०० झाला तर हळदीचे ९००० येतात, उसने फेडायचे, व्यापाऱ्याला काही द्यायचं नाही. दोन्हीकडं हिशेब शून्यावर मिटतो. म्हणजे हक्काची किंमत १०००. दर चढण्याची शक्यता निम्मी असो, ऐंशी टक्के असो, की वीस टक्के.

शक्यता कुठं गेली? मी हे गणित पुन्हा पुन्हा केलं, आकडे बदलून केलं, रात्री आईनं दिवा मालवायला सांगितलं तरी केलं. ज्या गोष्टीची किंमत अनिश्चिततेमुळेच आहे, तिच्या किमतीत शक्यतेचा आकडाच नाही, हे पटत नव्हतं. दादाला फोन केला. तो म्हणाला, “एवढा विचार करायचा नसतो, फॉर्म्युल्यात टाकलं की उत्तर येतं.”

हळूहळू उमजलं ते असं. शक्यता नाहीशी झालेली नाही. ती आजच्या १५,००० या दरातच बसलेली आहे. बाजारानं ती आधीच मोजलेली आहे. आणि आपल्याला ती वेगळी मोजावी लागत नाही, कारण हळद आपण आज विकत घेऊन ठेवू शकतो. हा सगळा खेळ त्या एका सोयीवर उभा आहे. मग मला उसाचा कोपरा आठवला आणि तिथं ही रीत चालणार नाही हे लक्षात आलं. हळद बाजारात मिळते. ‘उतारा’ बाजारात मिळत नाही. दोन तृतीयांश उतारा कुणी विकत घेऊन घरात ठेवू शकत नाही. म्हणून कोपऱ्याच्या किमतीसाठी परत शक्यतांकडेच, आकडेवारीकडेच, विम्याच्या रीतीकडेच यावं लागतं. दोन प्रश्न दिसायला सारखे, आलेखात दोन्हींना कोपरा, पण एकाला एक रीत लागू आणि दुसऱ्याला दुसरी. हे सॉफ्टवेअर सांगत नाही. त्याला कोणतेही आकडे द्या, ते उत्तर देणारच. कोणती रीत कुठं लागत नाही, हे ओळखायला गणितच यावं लागतं. माझा निर्णय खरं तर त्या दिवशीच झाला.

तरीही खात्री करून घ्यायची म्हणून त्या ताईबरोबर विद्यापीठातल्या बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात बसून या विषयाचा इतिहास वाचला. लुई बाशेलिए या फ्रेंच माणसानं १९०० मध्ये पॅरिसला सट्ट्याच्या सिद्धांतावर प्रबंध लिहिला. त्याचे मार्गदर्शक होते गणितज्ञ प्वांकारे. किमतींच्या हालचालीला त्यानं जे गणित लावलं तेच पाच वर्षांनी आइनस्टाइननं पाण्यातल्या सूक्ष्म कणांच्या हालचालीला लावलं. जपानच्या कियोसी इतो यांनी १९४४ मध्ये अशा वेड्यावाकड्या वाटांवर कलनशास्त्र कसं करायचं ते दाखवलं, तेही बाजाराचा विचार मनात न ठेवता. आणि १९७३ मध्ये फिशर ब्लॅक, मायरन शोल्स आणि रॉबर्ट मर्टन यांनी मॅडमच्या हळदीच्या गणिताची, क्षणोक्षणी बदलणाऱ्या दराची आवृत्ती मांडली. (हळदीसारखं दोन शक्यतांचं सोपं रूप त्यानंतर, १९७९ मध्ये कॉक्स, रॉस आणि रुबिनस्टाइन यांनी दिलं. अवघड आधी सापडलं आणि सोपं नंतर, याचं मला फार नवल वाटलं.)

मला सर्वांत जास्त थांबवलं ते या माणसांच्या पदव्यांनी. फिशर ब्लॅक यांची हार्वर्डची पीएचडी उपयोजित गणितातली. मर्टन कोलंबियात अभियांत्रिकी गणित शिकले, कॅलटेकमधून उपयोजित गणितात एमएस केलं, आणि मग अर्थशास्त्राकडे वळले. आजही जगात फायनान्शियल इंजिनिअरिंग मुख्यतः पदव्युत्तर पातळीवर शिकवतात. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलनचा या प्रकारचा अभ्यासक्रम १९९४ पासूनचा. प्रिन्स्टनसारख्या थोड्या ठिकाणी पदवीलाही तो विभाग आहे, पण तिथंही पाया गणिताचाच. आधी गणित आणि मग वित्त, ही वाट अनेकांनी चाललेली आहे. उलट्या वाटेनं येणारा मला त्या वाचनात फारसा भेटला नाही.

ब्लॅक-शोल्सच्या समीकरणात चलं बदलली की ते उष्णतेच्या वहनाचं समीकरण होतं, जे फूरिए यांच्या १८२२ च्या ग्रंथामुळे जगाला माहीत झालं. हे वाचलं तेव्हा ‘उपयोजित गणित म्हणजे काय’ या माझ्या जुन्या प्रश्नाला पहिल्यांदा उत्तर मिळालं. गुऱ्हाळातली काहिल तापते तेव्हा उष्णता कशी पसरते, हे त्या समीकरणात आहे. पंचगंगेच्या पुराची लाट राजाराम बंधाऱ्याकडून खाली सरकताना उंचीनं कमी आणि लांबीला जास्त होत जाते, तिच्या गणितातही पसरण्याचं तेच पद येतं. आम्ही पावसाळ्यात मोबाईलवर ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका एवढंच बघत बसतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर तर ते आकडे पोरासोरांना पाठ आहेत. पाणी उद्या किती वाजता त्या रेघेला टेकेल, हे सांगणारं गणित आणि चार महिन्यांनंतरच्या हक्काची आजची किंमत सांगणारं गणित यांचं घराणं एक आहे. एक शिकलं की दोन्हींकडं जाता येतं. माझ्यासारखीला, जिला विसाव्या वर्षी आपण काय होणार हे ठाऊक नाही, ही गोष्ट पगाराच्या आकड्यापेक्षा मोलाची वाटली.

याच वाचनात एक काळी बाजूही आली. मर्टन आणि शोल्स यांना १९९७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ब्लॅक १९९५ मध्येच वारले होते. मर्टन आणि शोल्स दोघंही ‘लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट’ या फंडात भागीदार होते. १९९८ च्या ऑगस्टमध्ये रशियानं कर्जफेड थांबवली, आणि ज्या गोष्टी एकमेकींपासून अलग हलतील असं धरलं होतं त्या सगळ्या एकदम एकाच दिशेनं घसरल्या. फंडावर कर्ज प्रचंड होतं. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हनं मोठ्या बँकांना एकत्र बसवलं, त्यांनी सुमारे ३.६ अब्ज डॉलर घातले तेव्हा तो आवरला. सूत्र चुकलं नव्हतं; सूत्राच्या आधी ‘समजा’ म्हणून जे लिहिलं होतं, ते खरं राहिलं नव्हतं. गणिताच्या वर्गात प्रमेयाआधीच्या अटी लिहिल्या नाहीत की आमच्या मॅडम गुण कापतात. त्या एवढ्या कडक का, हे मला न्यूयॉर्कच्या गोष्टीनं शिकवलं.

आणि आबांचा मटका? त्याचंही उत्तर याच वाटेवर मिळालं. मटक्यात आधी कुणालाच धोका नसतो. तो पैसे लावून नव्यानं तयार केला जातो. वायद्यात धोका आधीच शेतात उभा असतो, तो फक्त एकाकडून दुसऱ्याकडं जातो. पण ज्याच्याकडं हळदही नाही आणि शेअरही नाही, त्यानं मोबाईलवर दिवसभर ऑप्शन घेतले-विकले तर? सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे दिले : आधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात, एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर. मी हे सगळं आबांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हंजे माल असणाऱ्याला इमा, आन् नसणाऱ्याला मटका.” मला वाटतं, यापेक्षा नेमकं कुठल्याच पुस्तकात मी वाचलेलं नाही.

आबा स्वतः असा निवडीच्या हक्काचा व्यवहार आयुष्यभर करत आले, हे मला त्या दिवशी कळलं. पूर्वी आमच्या वाटणीचं गुऱ्हाळ होतं. कारखान्याकडं नोंद नसलेला ऊस हंगामाच्या तोंडावर कुठं घालायचा, ते ते गुळाचा सौदा बघून ठरवायचे : गुळाला दर असेल तर गुऱ्हाळ, नसेल तर कारखाना. दोन दरांतला जो जास्त तो आपला, आणि निवड शेवटच्या क्षणी. अशा ‘याच्याऐवजी ते’ घेण्याच्या हक्काची किंमत विल्यम मार्ग्रेब यांनी १९७८ मध्ये काढून दाखवली आहे. गावातली गुऱ्हाळं एकेक करून बंद झाली तेव्हा लोकांचा गुळाचा धंदा गेला, एवढंच आम्ही म्हणत होतो. त्याबरोबर शेतकऱ्याच्या हातातली निवडही गेली, आणि त्या निवडीला रुपयांत मोजता येणारी किंमत होती. ती कुणी मोजलेली असली तर मला वाचायची आहे. नसली तर मला मोजायची आहे.

याच दिवसांत, २० मे ला, जयंत नारळीकर गेल्याची बातमी आली. ते कोल्हापुरात जन्मले, १९३८ साली, हे आम्हाला शाळेपासून माहीत. त्यांचे वडील विष्णु वासुदेव नारळीकर हेही कोल्हापूरचे, आणि बनारसला गणिताचे प्राध्यापक. पण जयंतरावांच्या मामांचं नाव मी पहिल्यांदाच वाचलं : वसंत शंकर हुजूरबाजार. जन्म कोल्हापूर, १९१९. केंब्रिजला हॅरॉल्ड जेफ्रीज यांच्या हाताखाली पीएचडी, पुढं पुणे विद्यापीठात संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख, १९७४ मध्ये पद्मभूषण. केंब्रिजचं गणितातलं अ‍ॅडम्स पारितोषिक मामांना १९६० मध्ये मिळालं आणि भाच्याला १९६७ मध्ये. शक्यतांवरून अनुमान कसं काढायचं, या विषयावर जगात नाव झालेला माणूस आमच्या कोल्हापूरचा होता, आणि संख्याशास्त्राच्या आमच्या वर्गात हे नाव मी ऐकलं नव्हतं. ते दर वर्षी पहिल्या तासाला सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

दोन्ही अभ्यासक्रमांच्या याद्या मॅडमपुढं ठेवल्या तेव्हा त्यांनी लाल पेनानं फक्त चार गोष्टी शोधल्या : रेषीय बीजगणित, संभाव्यता, विकल समीकरणं, प्रोग्रॅमिंग. त्या खासगी पदवीत पहिली दोन वर्षं बरीचशी हिशेबशास्त्र, व्यवस्थापन आणि संवादकौशल्यात जात होती. संभाव्यतेला एक सत्र, विकल समीकरणांना अर्धं. नाव इंजिनिअरिंगचं असलं तरी यंत्राच्या आत बघायला मिळणार नव्हतं. सगळीकडं असंच असेल असं मी म्हणत नाही. आयआयटींमध्ये ‘मॅथेमॅटिक्स अँड कंप्युटिंग’च्या पदव्या आहेत, त्यांच्या यादीत गणित भरपूर दिसलं. ज्याला बाजारातच काम करायचं आहे हे पक्कं ठाऊक आहे, घरची ऐपत आहे आणि यादीत गणित खरोखर आहे, त्यानं वित्ताची पदवी जरूर घ्यावी. आमच्या बाजूचं उणंही मॅडमनी झाकलं नाही. आमच्या गणितात प्रमेयं आहेत, पण खरे आकडे फार थोडे. एफआरपीचं सूत्र, गुळाचे सौदे, पंचगंगेची पातळी हे सगळं कॉलेजपासून काही किलोमीटरच्या आत असून एकाही प्रश्नपत्रिकेत येत नाही. हे बदलायला नवं धोरण लागत नाही, एखाद्या प्राध्यापकानं मनावर घेतलं तरी पुरतं. मी ते होताना पाहिलं आहे.

मी फॉर्ममध्ये मेजर गणित आणि मायनर संख्याशास्त्र लिहिलं. प्रोग्रॅमिंग घरी शिकते आहे. स्टीव्हन श्रीव्ह यांच्या वित्तगणितावरच्या पुस्तकाचे दोन भाग आहेत. पहिला सगळा हळदीच्या त्या दोन शक्यतांसारख्याच गणितावर आहे, तो सुरू केला आहे. एमएस्सीला उपयोजित गणित, उपयोजित संख्याशास्त्र की वित्त, ते तीन वर्षांनी ठरवीन. तेव्हा तिन्ही दारं उघडी असतील.

तुमच्या घरी या वर्षी कुणी मेजर निवडत असेल, तर पदवीच्या नावावर आणि पगाराच्या पानावर थांबू नका. सत्रवार अभ्यासक्रम मागून घ्या. मार्गदर्शनाला बसलात तर तिथल्या माणसाला त्यातलं एक गणित फळ्यावर सोडवून दाखवायला सांगा. आणि शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे : संभाव्यतेच्या पहिल्या तासाला नाणी आणि फासे जरा बाजूला ठेवा, आणि मुलांना घरून उसाचं बिल आणायला सांगा.